मक्यात रुतलेलं वल्हं

तीर्थरूप अल्विनकाकांस,

तुमच्या पुतणीचा नवरा डेल्मार याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात अजून चिकट आहेत, त्यामुळे एकदा जोडले की लवकर सुटत नाहीत.) तुमचा गुडघा, काकूंचं ब्लडप्रेशर आणि तुमची डुकरं यांची प्रकृती ठीक असावी. आयोवात यंदा मका कमरेच्या वर गेला असं आर्डिसकडून कळलं, आनंद वाटला. इकडे विस्कॉन्सिनात डास सोडले तर उकाड्यानं सगळेच सुकले आहेत. पत्र सहज लिहितो आहे, काम काही नाही.

तुमच्या घरचं वल्हं तुम्हांला आठवत असेलच. जर्मनीतल्या पोमेरेनियाहून निघताना तुमच्या आजोबांनी अंगावरच्या कपड्यांखेरीज आणलं ते एवढंच, बिअरसाठी जव ढवळायचं ते लाकूड. ज्याच्या हाती वल्हं त्यानंच ऑगस्टमधल्या चर्चच्या सहलीची बिअर करायची, ही आपल्याकडची रीत. सासरेबुवा यंदा ते मला देणार होते. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी मला अजून नावानं हाक मारलेली नाही. ‘आर्डिसचा तो’ म्हणतात. वल्हं हाती आलं असतं तर मी कुणीतरी झालो असतो, म्हणून मला ते हवं होतं, काका, अगदी जिवापाड हवं होतं. अट एकच, वल्ह्याला जवाखेरीज दुसरं धान्य शिवता कामा नये. सासरेबुवांच्या मते मका हे डुकरांचं खाणं. (तुमच्याविषयी ते याहून वाईट बोलतात, ते लिहीत नाही. तुम्ही जवाच्या शेतात मका पेरलात तेव्हापासून तुमचं नाव या घरात निघत नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा तुम्हां दोघा भावांचा फोटोही कॅलेंडरखाली झाकलेला आहे.)

पण काका, खरं सांगू का? सासरेबुवांची निव्वळ जवाची बिअर उन्हाळ्यात पीत नाहीत, चावतात. गेल्या सहलीला बायकांनी ती गुपचूप कुंड्यांना घातली, आणि कुंड्याही मेल्या. बिअर हलकी करायची तर जवाच्या जोडीला थोडा मका शिजवून घालायचा, हे आता शेंबडं पोरही सांगेल. म्हणून गुरुवारी सकाळी मी मक्याचा भरडा आणला. चर्चच्या शुक्रवारच्या मासे तळायच्या पंगतीचा मोठा हंडा तो सांभाळणाऱ्या लोरेटाबाईंकडून मागून आणला, गॅरेजात चुलीवर चढवला आणि भरडा रटरटायला ठेवला. ढवळायला लांब दांड्याचं दुसरं काही दिसेना. तेव्हा देवाची क्षमा मागून वल्हं घेतलं.

तेवढ्यात लोरेटाबाईंचा फोन आला. हंडा परत कधी देणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण तिथवर पोचायला त्यांना स्वतःच्या खुब्याच्या ऑपरेशनवरून, भावजयीच्या घटस्फोटावरून आणि यंदाच्या कॉड माशाच्या दर्जावरून यावं लागलं. मी चूल तेवढी विझवली होती. परत येऊन पाहतो तर हंड्यात पिवळाधमक दगड! मधोमध वल्हं, ध्वजवंदनाला काठी रोवावी तसं ताठ. मी ते ओढलं, तर हंडा वर आला, वल्हं नाही. आर्डिसनं हंडा धरला आणि मी वल्हं, तर हंड्यासकट आम्ही तिघं उलटलो. गरम पाणी ओतलं तर ते वर तळ्यासारखं साचून राहिलं. शेवटी मी सासरेबुवांचं हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बर्फाला भोक पाडायचं गिरमिट काढलं आणि वल्ह्याशेजारी चालवलं. भोक सुरेख पडलं, त्यात पाणीही उतरलं. वल्हं मात्र जागचं हललं नाही.

गिरमिटाचा आवाज ऐकून सासरेबुवा आले. (तो आवाज ऐकून ते मयतातूनही उठून येतील.) परवाच त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, त्यावर पट्टी आहे, दुसऱ्याचा काढायचाय. त्यांना हंडा दिसला नाही, वल्हं दिसलं नाही. दिसलं ते फक्त भोक. सवयीनं त्यांनी बादली पालथी घातली, तिच्यावर बसले, कोपऱ्यातला गळ घेतला आणि भोकात सोडला. जुलैत, काका! आम्ही नवरा-बायको पुतळ्यासारखे उभे.

“बर्फ पिवळा कशानं झाला रे?” बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

“कुत्र्यानं,” आर्डिस म्हणाली. बापापुढे तिला नेहमी असंच काहीतरी सुचतं.

“एवढा? डॉक्टरला दाखवा त्याला.” मग त्यांनी नाक वर केलं, वास घेतला, भोकात बोट घालून चाटलं, आणि माझ्यावर खेकसले, “डेल्मार, गाढवा! मका शिजवताना त्यात दोन मुठी जव टाकायचा असतो, म्हणजे आळत नाही! बाबा दर वेळी टाकायचे!”

माझं नाव त्यांना ठाऊक आहे हे मला तेव्हा कळलं. पण त्याहून मोठी गोष्ट कळली ती आम्हां तिघांनाही एकदमच. सासरेबुवा गळ हातात धरून तसेच बसून राहिले. त्यांचा चेहरा पाहवेना मला. इतकी वर्षं ज्या मक्यापायी सख्ख्या भावाशी अबोला धरला, तोच मका खुद्द तुम्हां दोघांच्या बाबांच्या हंड्यात होता, आणि बाबांच्या हाताखाली उभं राहून हे त्यांनी पाहिलेलं होतं.

मग ते उठले. मोड काढून वाळवलेला जव भरडून आणायला लावला. हात घालवणार नाही इतकं गरम पाणी त्या दगडावर थोडं थोडं सोडलं, फावड्यानं ढेकळं फोडली, जव मिसळला आणि म्हणाले, “आता गप्प बसा. जवाला मका विरघळवता येतो. एकट्या मक्याला काही जमत नाही.” तासाभरात दगडाचं पातळ, गोड सूप झालं आणि वल्हं आपणहून कलंडून माझ्या खांद्यावर येऊन पडलं. सासरेबुवा म्हणाले, “पडलंय तिथेच राहू दे.” झाला वल्हं सोपवायचा समारंभ. सूप टाकवेना, म्हणून त्याचीच बिअर घातली आहे. हंडा घासून शुक्रवारी वेळेवर पोचवला, मात्र पंगतीतले मासे सगळ्यांना किंचित गोड लागले म्हणे.

बाकी सर्व क्षेम. काकूंना नमस्कार, डुकरांना आशीर्वाद.

तुमचा,
डेल्मार

ता. क. : तुमच्या शेतातल्या मक्याची दोन पोती पाठवावीत. मला हवी आहेत. (सासरेबुवा मागे उभे राहून हे माझ्याकडून लिहून घेताहेत. ‘मला हवी आहेत’ यातला ‘मला’ म्हणजे डेल्मार, असं ठळक लिही म्हणतात.) पोत्यांवर ‘जव’ असं लिहावं.

आणखी ता. क. : पोती पोस्टानं पाठवू नयेत, फाटतात. सहलीच्या दिवशी कुणीतरी ती स्वतः घेऊन यावं. गुडघ्याची सबब चालणार नाही, बसायला बादली आहे, असं मागून सांगण्यात येत आहे.

अगदी शेवटचं : स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर सासरेबुवांनी आज उतरवलं. जुनं झालं होतं म्हणतात. जुलै चालू आहे, काका.