चांगल्या ढिगावरचा पंजा

आई, गिरणीत दळण ठेवून येताना तू डब्यातल्या ज्वारीवर पंजा उमटवायचीस. कुणी मूठभर उचललं तरी कळावं म्हणून. मी हसलो की म्हणायचीस, "हस मेल्या, भाकरी कमी पडली की रडशील." तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ती खोड माझ्यात उरलीय, आणि तिनंच मला परवा गोत्यात आणलं.

इथं परदेशात, आर्नहेमच्या ज्या हॉटेलात मी तंदूर सांभाळायचो ते लॉकडाऊनमध्ये बंद पडलं. तिथं जेवायला येणाऱ्या एका सुरिनामी मुकादमानं, त्याचे पणजोबा आपल्याकडचे, म्हणून हिंदी बोलतो, मला त्याच्या कामावर घेतलं. लष्कराची जुनी जागा आहे, जमिनीत डिझेलच्या टाक्या गळलेल्या. वरचं सरकार ती इथल्या प्रांताला देणार, पण घाण काढूनच द्यायची. काळी, वास मारणारी माती एकीकडे, चांगली दुसरीकडे, दोन्हींवर प्लॅस्टिक. चांगली पुन्हा खड्ड्यात जाणार. मला पहिल्यापासून संशय. काळी माती बाहेर न्यायची म्हणजे खर्च. सुट्टीत कुणी नसताना चांगलीत मिसळली तर कोण बघतंय? मुकादम मास्कच्या आत हसतोय की दात खातोय, तेही कळत नाही. म्हणून शुक्रवारी सगळे निघाल्यावर मी प्लॅस्टिक उचललं आणि चांगल्या ढिगावर पंजा दाबला.

सोमवारी तपासणीवाली बाई येते. प्लॅस्टिक निघतं, आणि पिवळ्या वाळूवर माझी पाचही बोटं, काळी, तेलकट. हातमोजा दिवसभर त्या काळ्या मातीत होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हा ढीग आता चांगला धरता येणार नाही, बाई म्हणाली. सगळी तपासणी पुन्हा. मुकादमानं आम्हाला रांगेत उभं केलं आणि आधी इथल्या भाषेत, मग माझ्यासाठी हिंदीत विचारलं.

"किसका पंजा है?"

शेजारचा पोलिश गडी म्हणाला, "भुताचा." कुणी हसलं नाही. मी हात वर केला.

"क्यों, बेटा?"

"आप पर नजर रखने को."

"काम मैंने दिया, और चोर भी मैं?"

आता हा मला हाकलणार, कामासोबत मिळालेली खोली जाणार, असं मी धरून चाललो होतो. त्यानं हाकललं नाही. उलट दुपारी जवळ येऊन बसला, मास्क खाली केला आणि स्वतःच्या डब्यातली रोटी पुढे केली. दुसरा कुणी असता तर पाया पडला असता. मी मात्र तेव्हापासून विचार करतोय, हा मला का ठेवतोय? याला काय झाकायचंय?

हा कागद पाठवायला तुझा पत्ता नाही. म्हणून एक सांगून टाकतो. रोटी मी खाल्ली, आई, पण आधी त्यानं घास घेईपर्यंत थांबलो. आणि ते त्याला कळलं.