बोळक्या जेवला का?

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या दोन पत्रांना मिळून हे एकच उत्तर. उशीर झालाय खरा, पण कारण ऐकलंस तर रागवायचं विसरशील. घरात एक पाहुणा आलाय आणि तो आता जायचा नाही.

आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचे एक पेशंट आहेत, त्यांची कवळी मी बनवली होती. ते घर आवरून मुलीकडे राहायला निघाले. त्यांच्याकडे समुद्राच्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी, आणि टाकीत एक मोरे ईल. ईल म्हणजे सापासारखा लांब मासा, पण साप नव्हे, हे तू ओरडायच्या आधीच सांगतो. हा माझ्या हाताएवढा आहे, तपकिरी अंगावर पिवळसर ठिपके. मुलगी त्याला घरात घ्यायला तयार नव्हती. ते गृहस्थ माझ्यासमोर नवी कवळी लावून रडले. मग काय, टाकी, पंप, मिठाच्या पिशव्या, सगळं टेम्पोत घालून आलं घरी.

दिवसभर तो टाकीत ठेवलेल्या नळीत बसून असतो, नुसतं तोंड बाहेर. ते तोंड सारखं उघडतो नि मिटतो. चावायला आलाय असं वाटतं, पण बिचारा श्वास घेत असतो. दात मात्र असे, की मला धंद्यातल्या माणसाला हेवा वाटावा! काचेच्या सुयांसारखे, आत वळलेले. म्हणून मी त्याचं नाव बोळक्या ठेवलं.

आठवड्यातून दोनदा जेवतो. कोळंबी नाहीतर माकूळ, लांब चिमट्यात धरून त्याच्या नाकापुढे हलवायचं. त्याला दिसतं कमी, सगळा कारभार वासावर. तुझी भावजय गेल्यापासून मी ओट्याशी उभ्याउभ्याच चार घास गिळत होतो, हे तुला ठाऊक आहे. आता बोळक्याच्या जेवणाच्या दिवशी खुर्ची ओढून टाकीपुढे ताट घेऊन बसतो. तेवढीच पंगत.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो या बातमीने आटू देऊ नये.

तुझा,
धाकटा

२५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी पाय वर घेऊन बसले. पाहुणा आला म्हणतोस तेव्हा मला वाटलं होतं, कुणीतरी बाईमाणूस असेल! तुझ्या भावोजींनी पत्रातलं मोरे एवढंच वाचलं आणि कुठले मोरे, आपल्या ओळखीतले का, म्हणून चौकशी सुरू केली. मासा आहे म्हटल्यावर म्हणाले, बरं झालं, मोऱ्यांशी आपलं पटत नाही.

थट्टा राहू दे. पाण्यात हात घालू नकोस. टाकीचं झाकण घट्ट आहे ना? असले लांबडे जीव फटीतून निसटतात म्हणे. आणि तू ताट घेऊन बसतोस हे वाचून बरं वाटलं. माशाचं का होईना, निमित्त झालं.

आता माझ्या धंद्यातलं. छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका काढून माझी खोड झालीय, तेव्हा राग मानू नकोस. तुझ्या ओळी पूर्वी मोजपट्टीने आखल्यासारख्या असायच्या. या पत्रात डोंगर चढतायत. आणि उजव्या कडेला शब्द अर्धेच आहेत, त्यांचं उरलेलं अंग तुझ्या टेबलावर राहिलं असणार. टेबल पुसण्याआधी वाचून बघ आणि कळव.

चष्म्याचा नंबर बदलून घे. बोळक्या नीट जेवतो का? तूही जेव.

आशीर्वाद आहेतच, लागतील तेवढे वापर.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर आज आणखी वाकडं दिसेल, पण त्याला सबळ कारण आहे. उजव्या हाताच्या बोटाला टाके पडलेत. बोळक्याने प्रसाद दिला.

चूक त्याची नाही. चिमटा पाण्यात पडला, तो काढायला मी हात घातला. बोटांना कोळंबीचा वास. तो नळीत आहे असं मी समजत होतो, आणि तो होता दगडाशेजारी, उघड्यावर. पाणी जरा गढूळ होतं. धरलंन् ते सोडेचना. मी ओढलं नाही, नाहीतर बोटच फाटलं असतं. हात तसाच पाण्यात ठेवून त्याच्याशी गोड बोलत राहिलो. शेवटी त्यालाच कळलं असावं की ही कोळंबी भारीच हाडाची आहे.

बाकी ठीक. डॉक्टरीणबाईंनी एक कवळी परत पाठवली, पुढचे दोन दात एका रंगाचे नाहीत म्हणून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. कारखान्यातली ट्यूबलाइट बदलायला हवी. झाडणाऱ्या बाईंनी स्टूल भलत्या जागी ठेवलं, त्यावर नडगी आपटली. संध्याकाळचं फिरणं हल्ली बंद केलंय, रस्त्यावरचे दिवे अगदीच मिणमिणते झालेत.

तुझ्या गुडघेदुखीला उतार आहे का? मोऱ्यांचे शत्रू असलेल्या भावोजींना नमस्कार.

तुझा, सध्या नऊ बोटांचा,
धाकटा

२८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आज थट्टा नाही.

तुझी गेल्या वर्षापासूनची पत्रं काढून मी टेबलावर ओळीने मांडली. पाणी गढूळ, ट्यूबलाइट खराब, बाईंनी स्टूल हलवलं, रस्त्यावर अंधार. सगळ्या जगाचं चुकतंय, एका तुझ्या डोळ्यांचं सोडून. ईल उघड्यावर होता आणि तुला दिसला नाही. धाकट्या, तुला कमी दिसतंय ना?

बाबांचं असंच झालं होतं. तेही चहाचा कप कडेला कोणी ठेवला म्हणून आईवर चिडायचे. आम्ही हसायचो. काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा काही उरलं नव्हतं. तू तेव्हा हॉस्टेलवर होतास, तुला शेवटचे बाबा तेवढे आठवतात. मला मधले आठवतात, भिंतीला हात लावत चालणारे आणि कुणी पाहिलं की हात खाली घेणारे.

उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चष्म्याच्या दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे. बाबांना काय झालं होतं ते त्यांना सांग. तुझ्या धंद्याची सगळी मदार डोळ्यांवर आहे. मला फोन करून हो-हो म्हणू नकोस, तुझं फोनवरचं हो मला माहीत आहे. जाऊन ये आणि लिही.

तुझी,
ताई

ता. क. भावोजी म्हणतात, मी फार कडक लिहिलंय. असू दे.

६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

महिनाभर उत्तर दिलं नाही. तुझं पत्र वाचून मी इतका भडकलो होतो की ते फाडून टाकलं. डोळे माझे, घर माझं, असं बरंच काही मनात तुला सुनावलं. मग जे घडलं ते सांगतो.

मागच्या रविवारी सकाळी बोळक्याला खायला घालून झाकण नीट लावलं, असं मला वाटलं. कोपरा राहिला होता. अंघोळ करून आलो तर टाकी रिकामी. तू बजावलं होतंस, तेच. कपाटामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं. बाहेर लख्ख ऊन, खिडक्या सताड उघड्या. तासभर मी घरभर फिरत होतो. शेवटी गुडघ्यांवर बसून हाताने फरशी चाचपायला लागलो, तेव्हा तो हाताला लागला. खोलीच्या मधोमध, ताई. उघड्या फरशीवर. मी त्याच्या शेजारून किती वेळा गेलो असेन कोण जाणे. एखाद्या वेळी पायच पडला असता.

ओल्या टॉवेलात गुंडाळून पाण्यात सोडला. बराच वेळ तो तळाशी आडवा पडून होता. मग हळूच तोंड उघडलंन्, मिटलंन्. मी तिथेच बसून रडलो. मासा जगला म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायचं आणि उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं यंत्र बंदच आहे, ठिपके येतच नाहीत. तिथली मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली, येतायत काका.

काचबिंदूच आहे. कडेचं गेलंय ते परत येणार नाही. मधलं आहे ते थेंबांनी टिकेल, नेमाने घातले तर.

तुला आधी का नाही सांगितलं, तेही लिहितो. बाबांचा हात धरून तू किती वर्षं काढलीस! गाव सोडता येईना म्हणून तुझी बदलीची नोकरी गेली, लग्न लांबलं. तू कधी बोलली नाहीस, पण मी पाहत होतो. माझं कळलं असतं तर तू दुसरा हात धरायला निघाली असतीस. ते मला नको होतं. आता कळलंच आहे, तर सांगतो, मला भीती वाटते.

तुझा,
धाकटा

११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तिकिटं काढली. आम्ही दोघं शनिवारी येतोय, पंधरा दिवस राहू. तुला उचलून इकडे आणायला नव्हे, घाबरू नकोस. तुझं घर तुझ्या पायांना पाठ आहे, तिथेच तू बरा. फक्त सामान कुठे काय ठेवायचं ते एकदा ठरवू आणि कुणी हलवलं तर मी त्याला बघून घेईन.

बाबांचा हात धरला त्याबद्दल. चालताना ते मला गोष्टी सांगायचे, आईलाही कधी न सांगितलेल्या. लग्न लांबलं म्हणून तर भावोजी भेटले. आधी झालं असतं तर कुठल्यातरी मोऱ्यांच्या घरात पडले असते. तू माझा एवढा हिशेब मनात ठेवून बसला होतास, वेड्या.

मलाही भीती वाटते. दोघं मिळून घाबरू.

तुझी,
ताई

१४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यावर घर दोन दिवस फार मोठं वाटलं. भावोजींनी टाकीच्या झाकणाला लावलेल्या चारही कड्या मी रोज बोटांनी तपासतो. तुझ्या हातची कोळंबी खाऊन बोळक्याचे लाड झालेत. तू चिमटा धरून किंचाळायचीस, ते ऐकल्याशिवाय आता तो नळीतून बाहेर येत नाही.

कामाचं बरं आहे. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, साचे आणि घासकाम तुम्हीच करायचं, तुमचा हात आम्हाला हवाय. रंग जुळवायला त्यांनी दुसरी माणसं ठेवली. पहिले काही दिवस जिवाला लागलं. आता नाही.

पण पत्र वेगळ्याच कामासाठी आहे. परवा डॉक्टरांनी विचारलं, भावंडं किती. एक मोठी बहीण म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. वडिलांना, मग भावाला, म्हणजे बहिणीचीही तपासणी व्हायलाच हवी म्हणाले. आणि मला आठवलं. इथे असताना माझ्या थेंबांच्या बाटलीवरचं बारीक अक्षर तू मला वाचायला लावलंस. चष्मा घरी राहिला म्हणालीस. ताई, चष्मा तुझ्या कपाळावर होता. मला एवढं समोरचं अजून दिसतं.

सगळ्यांच्या चुका काढतेस, आता माझंही एक ऐक. तपासून ये. चष्म्याच्या दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे. तुझं पत्र येईपर्यंत बोळक्याची खुशाली मी कळवणार नाही.

तुझा,
धाकटा

९ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आधी मी चिडले, हे तुला सांगायला नको. लहान तोंडी मोठा घास म्हणून तुझं पत्र भावोजींना वाचून दाखवलं. ते ऐकता ऐकताच चप्पल घालायला लागले आणि चल म्हणाले.

तोच पांढरा वाडगा, तेच बटण. मला ठिपके दिसले, जवळजवळ सगळे. पण डोळ्यांतला दाब वाढलाय. सुरुवात आहे, म्हणाले डॉक्टर. बाटलीवरचं अक्षर लागलं नाही ते मात्र चष्म्याचा नंबर जुना झाल्यामुळे. अजून काही गेलेलं नाही, आणि रोज थेंब घातले तर बहुधा जाणारही नाही. कालपासून सुरू केलेत. घालताना अर्धे गालावर येतात, भावोजी हसतात.

डॉक्टर म्हणाले, अशा वेळेला कुणी येतच नाही. लोक येतात ते दिसेनासं झाल्यावर. मग त्यांनी विचारलं, काही त्रास नसताना तुम्हाला इकडे पाठवलं कुणी. मी सांगितलं, माझ्या धाकट्या भावाने. ते म्हणाले, त्यांचे आभार माना.

आपल्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाहीत. म्हणून नुसतं कळवते.

तुझी,
ताई