भिंतीवरची घंटाफुलं

धाकट्या,
आशीर्वाद देते, पण आज हात आखडता आहे.

मी ठणठणीत आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

भिंतीवरून पलीकडे लोंबणारी निळी घंटाफुलं काल शेजाऱ्याने सपासप कापली. जाब विचारला तर म्हणतो, “तुमचा भाऊच म्हणाला, ताई घर विकून माहेरी येणार.”

मला न विचारता? घर ह्यांचं, फुलं ह्यांनी लावलेली, हे गेल्यावर चार वर्षं पाणी मी घातलं, आणि उठाठेव तुझी!

कापलेल्या देठांना मुळं फुटतात, असं पुस्तकात वाचलंय. सतरा देठ कुंड्यांत खोचून त्याच भिंतीवर मांडलेत.

रिकामा टेम्पो घेऊन मला न्यायला येऊ नकोस. आईला घेऊन भेटायला ये.

तुझी, अजून याच पत्त्यावरची,
ताई