मंडळाचा नांगर

लालबाग, मुंबई
रविवार, ता. ३ ऑगस्ट १९५८

तीर्थरूप गुणाजीदादास,
धाकट्या दौलतचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. चंपाचा खोकला गेला. मिलमध्ये मला दिवसपाळी लागली. वहिनीला नमस्कार सांग.

तुझं पत्र पोचलं. आषाढी अवसेच्या उधाणाला बांध फुटला, खाडीचं पाणी आपल्या भाताच्या कुणग्यांत शिरलं आणि लावलेलं सगळं भात गेलं, हे वाचलं. मिठानं मारलेली जमीन दोन-तीन वर्षं दाणा देत नाही, हे बारा वर्षं मुंबईत काढूनही मी विसरलेलो नाही.

आमच्या ह्या ग्रामोद्धार मंडळाचा मला वीट आलाय. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. तो लोखंडी नांगर तुमच्याकडे धाडण्याआधी चाळीच्या पटांगणात त्याला हार घातला, बायकांकडून ओवाळून घेतला. अध्यक्ष तात्यांनी त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढला. घाटावरच्या काळ्या जमिनीचा, चार बैलांचा नांगर तो. आपले बैल केवढे, कुणगे केवढे, तो वळणार कुठे? सभेत चाळीस जण, सगळे शेतकऱ्यांचेच मुलगे. एकट्या भिवानं तोंड उघडलं, तर तात्या म्हणाले, "गावाक काय होया, ता हयसून बरा दिसता." गावाची गरज म्हणे मुंबईतून बरी दिसते! टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

तो आता देवळाच्या पडवीत उभा आहे आणि कोंबड्या त्यावर बसतात, असं तू लिहिलंस. बसू देत.

संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा म्हटला की आमची चाळ घटकाभरात रिकामी होते. मीही जातो, घसा बसेपर्यंत ओरडतो. महाराष्ट्र मिळायलाच हवा. पण त्याच महाराष्ट्रातल्या आपल्या बांधासाठी आठ दिवसांची रजा काढायची म्हटलं, की सगळ्यांची कंबर धरते.

लिहायचं ते टाळत दीड पान आलो.

फाल्गुनात तू शाळेच्या गुरुजींकडून मंडळाला पत्र लिहवून घेतलं होतंस. नांगर नको, आठ दिवसांसाठी वीस माणसं पाठवा, पावसाआधी बांधाला माती घालू, गावात म्हातारे आणि बायकाच उरल्यात. मंडळानं ते फेटाळलं, असं तू समजतोस. दादा, मंडळानं ते ऐकलंच नाही. चिटणीस मी. पत्र माझ्या हातात आलं तेव्हा नांगरावर नावं कोरून झाली होती आणि तात्यांच्या खाली माझं होतं. मी पत्र खिशात घातलं आणि गावानं आभार मानलेत, असं सभेत सांगितलं.

काल सभेत हे कबूल केलं. तात्या म्हणाले, झालं ते झालं, आता शाळेला भिंतीवरचं घड्याळ देऊ. मी चिटणीसपण टाकून उठलो.

आणि तू शेवटी काय लिहितोस, तर यंदा मुंबईला तांदूळ धाडता येणार नाही, राग मानू नये. ते वाचून मला माझी किळस आली. राग तू मान, दादा. शिव्या घाल.

दिवाळीनंतर रजा काढून येतो. भिवा आणि कुशाबा येतो म्हणालेत. विसांचे तीनच जमले. घरात घेतलं नाहीस तरी बांधावर येईन.

हे पत्र गुरुजींना सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचायला सांग. तुझं मी सभेत वाचलं नव्हतं.

तुझा अपराधी भाऊ,
दौलत