माझ्या गळ्यातल्या दोन गाठी

९ जानेवारी, सकाळी ७
आवाज बसल्याला आज सदतीस दिवस. काळजीचं कारण नाही, आवाजाला भारदस्तपणा येतोय. सत्यवती म्हणते, फोनवर तुमी बोललात का कुनी कागद फाडला ते समजत नाय. बायकोला आवाजातलं काय कळतं?
आमच्या गावच्या क्रिकेट स्पर्धेची फायनल २६ तारखेला. बावीस वर्षं कॉमेंट्री माझी. यंदाही माझीच. तरी उद्या डॉक्टरांना दाखवतो, सत्यवतीच्या समाधानासाठी.

१० जानेवारी
कामोठ्याचे डॉक्टर. नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि माझा घसा समोरच्या पडद्यावर. म्हणाले, ई म्हणा. म्हटलं. आतल्या आत ई, बाहेर नुसती हवा. स्वरतंतूंवर समोरासमोर दोन गाठी, तांदळाच्या कणीएवढ्या. कॅन्सर वगैरे नाही. कुदळ मारून हाताला घट्टे पडतात, तसे ओरडून ओरडून पडलेत. ऑपरेशनची गरज नाही, पण पंधरा दिवस आवाजाला सुट्टी, सोबत व्हॉइस थेरपी.
काम काय करता, विचारलं. सांगितलं, कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक बुकिंग, रविवारी कॉमेंट्री. म्हणाले, म्हणजे सातही दिवस ओरडता. मी म्हटलं, ओरडत नाही, पोचवतो.
संकल्प: उद्यापासून कडक मौन.

११ जानेवारी, दुपारी १२
मौन उत्तम चाललंय. सकाळपासून फक्त कुजबुजतोय. ड्रायव्हर लोकांना ऐकू जात नाही, म्हणून एकच गोष्ट चार वेळा कुजबुजावी लागते.

संध्याकाळी ५
एकाने चुकीच्या गेटात ट्रक घातला. एकच शब्द मोठ्याने बोललो. शिवी मौनात धरू नये.

१३ जानेवारी
थेरपिस्ट हेप्झिबा पेणकर. वय असेल चाळीस, बोलणं सावकाश, तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जातं. हे कसं करतात कळलं नाही. त्या म्हणाल्या, काका, कुजबुजणं बंद, त्यानं ताण वाढतो. खाकरणं बंद. पाणी भरपूर. मग ग्लासात पाणी घेतलं, स्ट्रॉ दिली, आणि आतून ‘ऊ’ करत बुडबुडे काढायला लावले. पाच मिनिटं, दिवसातून पाच वेळा.
तीन मैदानं गाजवलेला माणूस बुडबुडे काढतोय. मी कागदावर लिहिलं, यापेक्षा ॲडव्हान्स काही आहे का? म्हणाल्या, आधी हे जमू दे.
जमलं नाही. स्ट्रॉ खराब होती.

१६ जानेवारी
हरेश घरी आला. आमच्या स्पर्धेचा स्कोअरर, कमिटीने पाठवलेला. म्हणाला, काका, तुमी आराम करा, या रविवारी मी बगतो. गोड बोलतो. मी लिहून विचारलं, पाहुण्यांची नावं घ्यायला येतात का? कॉमेंट्रीचा जीव त्यात आहे. मान्यवर आले की चेंडू हवेत असला तरी नाव घ्यायचं. गेल्या वर्षी शेवटच्या चेंडूवर सिक्स गेला, तेव्हा मी माजी सरपंचांचं स्वागत करत होतो. लोक नाराज झाले. पण सिक्स सगळ्यांनी पाहिलाच होता, सरपंच कुणी पाहिले नव्हते.
हरेश गेल्यावर कमिटीला व्हॉइस नोट पाठवली, साडेचार मिनिटांची. व्हॉइस नोट म्हणजे बोलणं नव्हे, पाठवणं.

१९ जानेवारी, रविवार
मैदानावर फक्त ऐकायला गेलो. हरेश ओव्हर संपेपर्यंत पाहुण्यांना ताटकळत ठेवतो. लोक अगदी गप्प बसून ऐकत होते. कंटाळले असणार बिचारे. मध्ये मार्गदर्शनासाठी माइक घेतला. दोनच मिनिटं.

२० जानेवारी
हेप्झिबाबाईंनी विचारलं, मौन कसं चाललंय? मी लिहिलं, संपूर्ण. त्यांनी फोन पुढे केला. कालच्या मॅचचं यूट्यूब लाइव्ह. माइकवर मी. अकरा मिनिटं. म्हणाल्या, काका, गाठी तुमच्या आहेत, माझ्या नाहीत.
राग आला. पण लाइव्हला किती लोक होते ते पाहून घेतलं.

२५ जानेवारी
या आठवड्यात बुडबुडे दोनदा. मनातल्या मनात बरेचदा.
कामावरून घरी येताना रिक्षात गुणगुणून पाहिलं. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, काका, पानी देऊ का? म्हणजे आवाज पुढपर्यंत पोचतोय. कमिटीला कळवलं, उद्या मीच. ते नाही म्हणाले नाहीत. बावीस वर्षांचा मान आहे शेवटी.

२६ जानेवारी, संध्याकाळी ७
माइक हातात घेऊन ‘नमस्कार मंडळी’ म्हटलं. स्पीकरमधून हवा आली. साउंडवाल्याने माइक बदलला. मग वायर बदलली. मग ॲम्प्लिफायरला दोन थापा मारल्या. लोक त्याला ओरडत होते, मी ओरडू दिलं. तिसऱ्या माइकमधूनही हवाच आली, तेव्हा सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं.
हरेशने माझ्या हातातून माइक घेतला. हिसकावला नाही, घेतला. म्हणाला, आमचे काशीराम काका, बावीस वर्सा यो मैदान त्यांनी बोलता ठेवला, त्यांच्यासाटी जोरात टाल्या. कमिटीने शाल आणि नारळ दिला. दोन्ही आधीपासून आणून ठेवलेले होते. हजारो लोकांची नावं मी घेतली, माझं नाव माइकवरून आज पहिल्यांदा ऐकलं. रडू आलं. आभार मानायला तोंड उघडलं, काहीच निघालं नाही.
मग पहिल्या रांगेत बसून मॅच पाहिली. हरेश चांगला बोलतो. माझ्यापेक्षा चांगला. हे वाक्य लिहायला अर्धा तास लागला.

२७ जानेवारी, संध्याकाळी
कळंबोलीला गेलो नाही. फोन वाजत होता, उचलला नाही. हरेशचा मेसेज, काका बरा हाय ना? अंगठा पाठवला. सत्यवतीने न विचारता तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण केलं, समोर बसून जेवायला लावलं.
आत्ता लक्षात आलं, सकाळपासून एक शब्द उच्चारलेला नाही. कुजबुजलो नाही, खाकरलोही नाही. हेप्झिबाबाईंना कळवायला हवं, एक दिवस पूर्ण मौन झालं. ठरवलेलं नव्हतं. कुणाशी काही बोलावंसंच वाटलं नाही.