कांड्या संपेपर्यंत

रविवार, ५ फेब्रुवारी १९७८

घर सापडलं! कंपनीनं दिलेली ही डायरी महिनाभर कोरी पडून होती, आज तिला काम मिळालं. शुद्ध भाषेत लिहायचं ठरवलं आहे. नीला मोठी झाली की वाचेल, आपल्या बाबांनी घर कसं घेतलं ते. आत्ता ती सात वर्षांची आहे आणि तिला फक्त झोका टांगायला झाड पाहिजे. झाड आहे!

आमच्या खानदानात घर विकत घेणारा मी पहिलाच. आजोबा काय, बाबा काय, दोघंही उमरेडला दुसऱ्याच्या ओसरीत माग टाकून बसले. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून चाळीस वर्षं पावड्या दाबल्या बाबांनी, आणि शेवटी त्यांना उचलून खाटेवर ठेवावं लागायचं. तेव्हाच मी कानाला खडा लावला. हिंगण्याच्या कारखान्यात मी पंप तपासतो, तेही उभ्यानं. नीलाच्या हाताला तर मी सूत लागू दिलेलं नाही. बायको, प्रेमिला, एकदा तिला चरखा दाखवत होती तर मी असा भडकलो की दोन दिवस बोलणं बंद.

घर प्रताप नगरात आहे, जुनं, विटांचं, वर कवेलूंचं छप्पर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे एक लांब खोली, विहीर, कडुलिंबाचं झाड. मालकीण मैनाबाई, साठीची विधवा बाई. बँकेतल्या एका बाबूला आणि एका मास्तरला तिनं परत पाठवलं म्हणे. मला विचारलं, कोणाचा पोरगा गा तू, घरी काय काम होतं? विणकराचा म्हटल्यावर तिनं माझा हात हातात घेतला, बोटं एकेक चाचपून पाहिली आणि दुसऱ्यांदा चहा टाकला. म्हणाली, आधी पंधरा दिवस राहून पाहा, मग इसार कर. ती तोवर शेजारच्या गल्लीत भाचीकडे राहील. इतकी सरळ बाई आजकाल भेटते का कुठं?

प्रेमिला आणि नीला माझ्या मेहुण्याच्या लग्नासाठी उमरेडला आहेत. त्यांना पत्र टाकलं: १९ तारखेला सरळ नव्या घरीच या. पत्ता मोठ्या अक्षरात लिहिला, तसाच या डायरीच्या पहिल्या पानावरही.

सोमवार, ६ फेब्रुवारी

आज रजा काढून तपासणी केली. घर असो की पंप, मी सोडत नाही. ओळंबा लावला: भिंती सरळ. उत्तरेकडच्या भिंतीला वीतभर ओल आहे, गिलावा करावा लागेल. सात कवेलू फुटके. वाशाला टाचणी टोचून पाहिली, वाळवी नाही. विहिरीचं पाणी गोड. फाटक कुरकुरतं, ते तेल मागतं.

मागची खोली शेवटी उघडली आणि हसूच आलं. माग! ज्याच्यापासून पळालो तो माझ्या आधी इथं येऊन बसलेला. मैनाबाईचा नवरा रामाजी, त्याचा. तीन वर्षांपूर्वी गेला तो. मागावर अर्धं लुगडं तसंच, लाल काठाचं. कोपऱ्यात चरखा, सुताच्या लडी आणि टोपलीत धोट्यासाठी सूत गुंडाळून भरलेल्या कांड्या. व्यवहार झाला की माग हलवून देईन, म्हणाली बाई.

ताण्यातला, उभ्या सुतातला, एक धागा तुटून लोंबत होता. मी फक्त पाहायला वाकलो होतो. सरळ झालो तेव्हा गाठ मारलेली होती. माझ्याच बोटांनी मारली, आणि मला पत्ताही नाही. वीस वर्षांत सूत हातात धरलं नाही, पण हात विसरत नाहीत बुवा. मैनाबाई दारात उभी होती. तिनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला आणि आपले हात पदराला पुसले.

बुधवार, ८ फेब्रुवारी

सकाळपाळी करून साडेतीनला आलो. लुगडं वाढल्यासारखं वाटतं. म्हटलं चंद्रभान, नवं घर पाहून डोकं फिरलं तुझं. तरी सवयीप्रमाणे काठावर लाल पेन्सिलीनं खूण केली. उगाच शंका नको.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

खुणेच्या पुढे हातभर कापड.

वीण एकसारखी आहे. मी तपासनीस आहे, चांगलं काम ओळखतो. बाबांची वीण अशी होती. उजव्या पायाला सकाळपासून मुंग्या आहेत. नवे बूट चावत असतील.

शनिवार, ११ फेब्रुवारी

अर्धा दिवस होता. भर दुपारी फाटकाशी आलो तर आतून खट्-खट्, खट्-खट्. हा आवाज ऐकतच मी लहानाचा मोठा झालो, तो मला कोणी शिकवायला नको. दार उघडताच बंद. मागावरचा धोटा हलत होता अजून.

मोकळ्या प्लॉटपलीकडे बाबनराव राहतात, पेन्शनर. त्यांच्याकडे गेलो. आधी टाळाटाळ केली त्यांनी, मग म्हणाले, भाऊ, तुम्ही विणकरापैकी काहून निघाले? दुसऱ्या कोणाले ते घर काही करत नाही. त्यांनी सांगितलं की रामाजी शेवटली दोन वर्षं त्या खड्ड्यातून उठलाच नाही. वर काढला तेव्हा पाय काडीसारखे. आणि ते लुगडं त्याचंही नव्हतं. त्यानं घर घेतलं तेव्हा ताणा लागलेलाच होता, एक धागा तुटलेला होता, आणि त्यानं गाठ मारली.

बाबनराव उद्या लेकीकडे सावनेरला चालले. होळीपर्यंत तिकडेच.

रविवार, १२ फेब्रुवारी

मैनाबाई आली. मी स्पष्ट सांगितलं, मला घर घ्यायचं नाही. ती म्हणाली, आता घ्यायचं काय राह्यलं गा?

रडली नाही, लाजली नाही. चुलीपुढे बसून भाकरी थापत सगळं सांगितलं. तिचा नवरा मागावर गुंतला आणि दुसऱ्या दिवशी तिचे हात चरख्यावर. सोळा वर्षं कांड्या भरल्या. नवरा मेला, माग थांबला, तरी हातांना सुट्टी नाही. रोज दुपारी भरलेल्या कांड्या उकलायच्या, परत भरायच्या. हात सुटले ते सोमवारी, मी गाठ मारली तेव्हा.

मी तिला नाही नाही ते बोललो. ऐकून घेतलं तिनं, आणि भाकरी झाकून ठेवली.

सोमवार, १३ फेब्रुवारी

सामान तिथंच टाकून कंपनीच्या बसमध्ये चढलो. दोन मैलांवर गुडघ्यापर्यंत पाय मेले. पुढे कमरेपर्यंत. गडी लोकांनी उचलून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी टाचण्या टोचल्या, काही सापडलं नाही, लकवा असेल म्हणाले. डॉक्टरांनी घरी सोडा म्हटलं, पण कोणतं घर? डायरीत पत्ता होता. मोठ्या अक्षरात.

रिक्षा प्रताप नगराकडे वळली तसे पाय जागे झाले. फाटकातून चालत आत गेलो मी. कोणी म्हणेल नाटक करतो.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

ब्लेडनं पूर्ण ताणा कापला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कापताना बाबांची आठवण येऊन रडलो.

मग बोटांनी सगळे धागे परत जोडले. एकेक. चार तास. मी नको नको म्हणत होतो आणि गाठी पडतच होत्या.

बुधवार, १५ फेब्रुवारी

दुपारी भानावर आलो तेव्हा खड्ड्यात होतो. पाय पावड्यांवर. वर काही निघत नाहीत.

कांडी संपली की धोटा थांबतो, तेवढ्या वेळात लिहून राहिलो. मग हात आपोआप टोपलीत जातात.

टोपली! हे आधी काहून सुचलं नाही मले? टोपलीत अकरा कांड्या आहेत. भरणारं कोणी नाही. अकरा संपल्या की धोट्यात सूत नाही, सूत नाही तर माग नाही. फक्त तोवर प्रेमिला यायला नको. तिचंही माहेर विणकराचं.

पत्र लिहिलं: येऊ नको, घर नापास आहे, मीच तिकडे येतो. मैनाबाई भाकर घेऊन आली, तिच्याजवळ दिलं. दुसरं आहे कोण? तिनं कमरेच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलं.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

पाच राहिल्या. पोटऱ्या बारीक झाल्या. हात लावून पाहिलं तर कोणाच्या दुसऱ्याच वाटतात.

लुगडं सरत नाही. गुंडाळतो तितका ताणा पलीकडे आहेच.

पण कांड्या सरून राहिल्या. पाच. पत्र आज पोचलं असेल.

शनिवार, १८ फेब्रुवारी

दोन.

मैनाबाई आज दाराबाहेरच बसली. बोटं आपोआप वळवळत होती तिची. सकाळपासून, म्हणाली. कांड्या संपल्या आणि दुसरं कोणी नसलं तर तिचेच हात परत धरणार आहे तो माग. तिनं मले आता सांगितलं. आता!

पत्र टाकलं ना वं, विचारलं मी. तिनं ते पिशवीतून काढून दाखवलं. तीच घडी. मग म्हणाली, एकोणीस वर्षं झाले बाप्पा, मी थकली.

आणि उठून गेली. ओरडलो, ओरडलो. बाबनरावाचं घर बंद.

रविवार, १९ फेब्रुवारी

शेवटली कांडी. उमरेडची मोटार एकला येते. ही बारापर्यंत सरली पाहिजे. आज मीच जोर लावून राहिलो पावड्यांवर. चल. चल लवकर—

संपली.

माग थांबला. खरंच थांबला. टोपली रिकामी. अंगठ्यात कळ आली— अंगठा हलला! देवा, अंगठा हलला माझा. दोन्ही हात टेकून कमरेपर्यंत वर आलो आहे, काठावर बसून लिहितो, थोडं रक्त फिरू दे, मग फाटकावरच त्यांना अडवतो, आत येऊच देत नाही, तिथूनच परत—

फाटक कुरकुरलं.

मैनाबाईचा आवाज. या, या, म्हणते. प्रेमिलाचा आवाज. सकाळचीच मोटार मिळाली म्हणते. लिंबाला झोका बांधता येईल का, नीला विचारते—

ओरडलो. प्रेमिला, नको. नीले, मागं फिर. ऐकलं तिनं. आवाजाच्या दिशेनं धावत आली. बाबा सापडले म्हणून हसते. मी येऊ नको म्हणतो आणि ती म्हणते बाबा, खड्ड्यात काहून बसले—

तिनं चरख्याकडे पाहिलं.

नीले, हात लावू नको. नीले, बाबाकडे पाह. माझ्याकडे—

स्वतःच्याच हातांकडे पाहते आहे. घाबरली. बाबा, म्हणते, माझे हात— मांडी घालून बसली. सुताचं टोक बरोबर चातीला लावलं. कोणी शिकवलं नाही तिला. मी शिकवू दिलं नाही. प्रेमिला दारात उभी, तिच्या हातातून पिशवी पडली. चरखा फिरतो आहे, कांडी भरली, माझा हात तिच्याकडे— मी नाही करत हे, नीले, मी नाही, पाय परत खाली—