तू न बसलेली खुर्ची

प्रिय माय,

तू गेलीस त्याला सात महिने झाले आणि पत्र लिहायला मी आज बसलोय. तुला वाचता येत नव्हतं, ते काही मी विसरलो नाही. गावाहून मामाचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायचो, आणि तुला त्रास होईल असं काही असलं की गुपचूप गाळायचो. या पत्रातलं काहीच गाळणार नाही.

काल संध्याकाळी शेजारच्या कुसुमकाकू आल्या होत्या. विष्णुकाकांचा उजवा पाय लकव्याच्या झटक्यानंतर अजून उचलत नाही, हे तुला माहीतच आहे. काकू दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "संजूभाऊ, दिवाळीच्या सुटीत पोरगी-जावई आम्हाले त्या पार्कात नेतो म्हणतात. ह्यायले तं चालता येत नाई. तुम्ही मायले चाकाच्या खुर्चीवर फिरवलं होतं ना? ते खुर्ची कुठं भेटते?"

मी म्हटलं, "कोणी फिरवलं?"

"अजी, तुम्हीच! मायनं सांगतलं होतं मले सारं. दिवसभर खुर्ची ढकलली म्हणे पोरानं, एका बी झुल्यात बसला नाई. अन् ते बॅटरीची गाडी तं तिनं सोताच चालवली, तळ्याच्या भवताल! हॉर्न वाजवला तं माणसं बाजूला झाली म्हणे."

मग त्यांनी पदराखालून एक कागद काढला. पार्कचा नकाशा, गेटवर फुकट वाटतात तो; तूच त्यांना दिला होतास म्हणे. तुझ्या घड्या ओळखू आल्या मला, साडीसारख्या नीट घातलेल्या. आणि नकाशावर ठिकठिकाणी तू साडीच्या कामातल्या सोनेरी टिक्क्या चिकटवल्या होत्यास. तळ्यावर एक, छोट्या आगगाडीवर एक, कारंज्यावर, मोठ्या पाळण्यावर. जिथे जिथे तू गेलीस म्हणे, तिथे तिथे. गेटजवळच्या बाकाच्या जागी मात्र काहीच नव्हतं.

माय, हे काय करून ठेवलंस गं?

आणि मी काय केलं, विचार. मी काकूंना म्हटलं, "आत गेल्यावर डाव्या हाताला काउंटर आहे. ओळखपत्र ठेवायचं आणि खुर्ची घेऊन जायची. पैसे लागत नाहीत." सगळं पाठ होतं मला. त्या काउंटरसमोर मी उभा राहिलो होतो ना! काकू म्हणाल्या, "असा पोरगा देवानं सगळ्यायले द्यावा," आणि मी मान खाली घालून हसलो. कुणाच्या आयत्या शाबासकीवर इतका निर्लज्जपणे मी आजवर कधी हसलो नव्हतो.

ती सहल मुळात तुझ्यासाठी होती. दिवाळीत कापडाच्या युनिटच्या मशिनी बंद झाल्या की आपली निम्मी नवागाम वस्ती गावाकडे निघते. आपणही दरवर्षी निघायचो. पण गेल्या वर्षी तुझ्या गुडघ्यांनी गाडीची पायरी चढायला साफ नकार दिला. वीस वर्षं साड्यांना टिक्क्या लावत मांडी घालून बसलीस, त्याच मांडीवर माझी शाळा झाली. गुडघे तरी किती सहन करतील? म्हणून मीच जाहीर केलं, यंदा गाव नाही, मायला पार्क दाखवायचा. केवढ्या थाटात सांगितलं होतं मी! तू गल्लीभर सांगत सुटलीस. पहाटे उठून दशम्या केल्यास, लसणाची चटणी कुटलीस. जांभळी साडी नेसून सगळ्यांच्या आधी दारात जाऊन बसलीस.

पलसाणा मागे पडलं तेव्हा बसच्या खिडकीतून तू डाइंगच्या कारखान्यांच्या धुराड्यांना हात जोडलेस. वैशाली म्हणाली, "सासूबाई, ते देऊळ नाही हो." तू म्हणालीस, "तेन्हावरच तं पोट भरस आपलं." बस हसली होती सगळी.

गेटवर आधी अडल्या त्या तुझ्या दशम्या. बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणून डबा तिथेच ठेवावा लागला. मग तो काउंटर दिसला. ओळीनं लावलेल्या व्हीलचेअर आणि बाजूला तीन बॅटरीच्या स्कूटर, पुढे टोपली आणि हँडलला हॉर्न असलेल्या. तिथली मुलगी तुझ्याकडे बोट दाखवून गुजरातीत म्हणाली, "बा माटे लई लो ने, आखो दिवस चालशे." मी तुझ्याकडे वळून विचारलं, "माय, घ्यायची का खुर्ची?"

तू म्हणालीस, "नको रे भो. माले काय साड्यास्ना गठ्ठा समजना का, ढकलत लई जावाले? मी आठेच बाकवर बसस. तुम्हीन जा."

आणि मी म्हटलं, "बरं."

बरं! एवढंच. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तुझ्या घरात वाढलेला मुलगा मी. मामाच्या लग्नात पंगतीत बट्टी वाढायला मला उभं केलं होतंस, आठवतं? दहा वर्षांचा असेन. पहिल्याच पाहुण्यानं ताटावर हात धरला, "नको" म्हणाला, तसा मी पुढे सरकलो. तू सगळ्यांदेखत माझा कान पिळलास. "माणूस लाजीसन नही म्हनस. तीन येळा इचारानं!" तेव्हापासून आपल्या दारात आलेला एकही माणूस पहिल्या नकोवर सुटला नाही. माझ्या युनिटचा शेठ एकदा उभ्या उभ्या आला होता, चहासुद्धा नको म्हणत होता, तो शेवभाजी खाऊन गेला. तूही तशीच होतीस. नवी साडी आणली की आधी नको, मग कशाला, मग तिसऱ्यांदा आग्रह केला की हातात घेऊन काठ बघायचीस. तीस वर्षं मला हे माहीत होतं. त्या दिवशी गेटवर ते मी विसरलो नव्हतो. तुझं पहिलं नको मला सोयीचं होतं, म्हणून ते मी खरं धरलं.

का सोयीचं होतं तेही ऐक. कारण खुर्ची घेतली असती तर ती कुणीतरी ढकलायला हवी होती, आणि मला झुल्यांत बसायचं होतं. लेकीच्या, खुशीच्या नावावर मलाच बसायचं होतं! आयुष्यात पहिल्यांदा तसल्या जागी गेलो होतो. आणि दुसरं सांगायला जास्त लाज वाटते. आमच्या युनिटमधली दोन कुटुंबं त्याच दिवशी तिथे आली होती. त्यांच्यासमोर आईला चाकांच्या खुर्चीत घालून फिरायचं म्हणजे, माझी आई अपंग झाली असं दिसेल, असं वाटलं मला. तू बाकावर बसलीस तर नुसती दमलेली दिसशील. असला हिशेब केला मी!

तुला बाकावर बसवलं. शेजारी आमच्या पिशव्या, कपडे, चपला. खुशीनं तुझा हात ओढला, "आजी, चाल ने!" तू तिच्या हातातला नकाशा तेवढा मागून घेतलास. "माले चित्र देखाले ऱ्हाऊ दे," म्हणालीस.

दुपारी मी तुला कागदी प्लेटमध्ये पुलाव आणून दिला. तुझ्या दशम्या गेटवर वाळत होत्या आणि तू तो गार पुलाव खात होतीस. तेवढ्यात समोरून तुझ्याच वयाच्या एक गुजराती बा स्कूटरवर आल्या. पांढरे केस, डोळ्यांवर काळा चष्मा, टोपलीत नातीची बाहुली. हॉर्न वाजवत ऐटीत निघून गेल्या. तुझा घास हातातच राहिला. "संजू, ती बाई देख. सोताच गाडी चलाडी राहिनी!" मी म्हटलं, "हो ना, भारी आहे," आणि पुढच्या झुल्याची रांग वाढेल म्हणून पळालो. सायकलसुद्धा कधी हातात न घेतलेली माझी आई एका स्कूटरकडे मान वळवून वळवून बघत होती, आणि मला रांगेची घाई होती.

संध्याकाळी निघताना तू पुन्हा त्या काउंटरपाशी थांबलीस. एका खुर्चीच्या सीटवर तळवा ठेवून दाबून बघितलंस, कापड बघतात तसं. "गादी कशी मऊ शे देख." मी म्हटलं, "चल माय, बस सुटेल." तू लगेच हात काढून घेतलास.

बसमध्ये खुशीला तू किती प्रश्न विचारलेस! तळ्याच्या पुढे काय होतं? आगगाडी बोगद्यातून गेली का? वर गेल्यावर समुद्र दिसतो का? मला वाटलं, नातीचं कौतुक करतेय. तू तर तुझा दिवस गोळा करत होतीस. दुसऱ्या दिवशी तोच काकूंना सांगितलास, आणि त्यात मला किती चांगला मुलगा करून ठेवलंस!

रागही येतो तुझा, खरं सांगू? एकदा तरी ओरडायचं होतंस! पंगतीत पिळलास तसा तिथेही कान पिळायचास. "संजू, तीन येळा इचारानं ऱ्हास," एवढं म्हणाली असतीस तर मी मुकाट्यानं ओळखपत्र काढून दिलं असतं. दुसऱ्याच्या ताटासाठी भांडणारी बाई स्वतःच्या वेळी एवढी गप्प का राहिलीस? की तुला बघायचं होतं, मी आपणहून विचारतो का?

मला वाटायचं, पुढच्या वर्षी घेऊ खुर्ची. होळी झाली आणि तू गेलीस. चहा ठेवायला उठलीस, ती ओट्यापाशीच बसलीस.

आखाजीला पितरांच्या पूजेत तुझ्या नावाची घागर भरली. वर डांगर ठेवलं, सांजोऱ्या केल्या. तुझ्या नावानं विस्तवावर आगारी टाकताना मी दोन सांजोऱ्या जास्त टाकल्या. वैशाली म्हणाली, "अहो, पुरे." मी तिसरी टाकली. विस्तवातून कुणी नको म्हणालं नाही. तेव्हा मी मागच्या अंगणात जाऊन रडलो. कशासाठी, ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. काल तो नकाशा बघितल्यावर कळलं.

आज सकाळी मी विष्णुकाकांकडे गेलो. खाटेवर बसले होते. म्हटलं, "काका, पार्कला मीही येतोय. खुर्ची मी ढकलतो, पोरीला-जावयाला फिरू द्या." काकांनी हात झटकला. "नको रे बाबू. कायले? मी घरीच बरा हाय. माह्यासाठी तुमची सुटी कायले खराब करता?"

मी हसलो, माय. हे पहिलं झालं. उद्या पुन्हा जाणार आहे. तिसऱ्यांदा तर त्या काउंटरपाशी, खुर्चीची मूठ हातात धरूनच विचारीन. आणि त्यांची नजर बॅटरीच्या स्कूटरकडे वळली तर ती घेईन. तळ्याभोवती चक्कर मारू दे त्यांना, वाजवू दे हॉर्न, होऊ देत माणसं बाजूला. मी पिशव्या सांभाळीन.

आणखी एक वचन देतो, त्यावर तू रागावशील. तू माझ्यासाठी रचलेलं खोटं मी मोडणार आहे. ते अंगावर घेऊन मला काकूंसमोर उभं राहवत नाही. नकाशा मागून घेतलाय त्यांच्याकडून, तुझी एक टिक्कीही सापडलीय शिलाईच्या डब्यात. निघायच्या आधी सगळ्यांना त्या बाकापाशी थांबवीन. नकाशावर बाकाच्या जागी ती टिक्की चिकटवीन आणि म्हणेन, "काकू, माझी माय इथे बसली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी तिला एकदाच विचारलं होतं."

तुझा,
संजू